वाळूतला खंदक आणि अंगठ्याची कसोटी

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. तीत महाराष्ट्रातील पहिल्या गटात मुंबई, उरण आणि तारापूर ही ठिकाणे होती. वसई-विरारहून तारापूर पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. भोंगा वाजल्यावर जायचे कोठे, हा प्रश्न त्यानंतर वर्गात निघणे साहजिक आहे. १९६५ आणि १९७१च्या युद्धकाळातील चर आणि खंदक पाहिलेली वडीलधारी मंडळी अजून घरोघरी आहेत. त्यामुळे ‘खड्डा खणायचा’ हे उत्तरही लगेच मिळते.

हा खड्डा कसा खणावा, वर काय टाकावे आणि भराव कसा घालावा, याचे तपशीलवार वर्णन करणारे एक प्रसिद्ध पुस्तक आहे. ते म्हणजे क्रेसन कर्नी यांचे ‘न्यूक्लियर वॉर सर्व्हायव्हल स्किल्स’. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ते १९७९ साली प्रसिद्ध केले. त्यातील आकृत्यांच्या नकला जगभर फिरत असतात आणि बहुधा मूळ मजकूर सोडूनच फिरतात. हे पुस्तक वसईच्या वाळूत कितपत उतरते, ते आम्ही येथे तपासणार आहोत.

प्रथम जमेची बाजू. कर्नी हे केवळ टेबलाशी बसून लिहिणारे लेखक नव्हेत. अनुभव नसलेल्या सामान्य माणसांच्या हाती लेखी सूचना देऊन त्यांच्याकडून निवारे बांधून घेतले गेले आणि त्यावरून सूचना सुधारल्या गेल्या. विज्ञानाची रीत ती हीच. आकडेही शिक्षकांना वर्गात वापरता येण्यासारखे आहेत. दाबून बसवलेली सुमारे ९ सेंटिमीटर माती किरणोत्सारी धुळीतून येणारे गॅमा किरण निम्मे करते. मग ९० सेंटिमीटर माती दहा वेळा निम्मे करील, म्हणजे किरण हजाराव्या हिश्श्यावर येतील. घातांकाचा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

आमचा आक्षेप सुरू होतो तो जमिनीच्या परीक्षेपाशी. सुमारे साडेचार फूट खोल, उभ्या भिंतींचा खंदक फक्त स्थिर मातीतच खणावा, असे पुस्तक बजावते. स्थिर माती ओळखण्यासाठी ते एक कसोटी देते. दीड फुटाचा छोटा खड्डा घ्यावा, तळाची सुटी माती काढावी आणि उघडा अंगठा तळात दाबावा. तो इंचभराहून अधिक आत गेला नाही, तर जमीन योग्य समजावी.

आता अर्नाळा किंवा कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जाऊन पाहा. ओल्या, घट्ट बसलेल्या वाळूवरून सायकल न रुतता जाते. तेथे अंगठा इंचभर घुसवायलाही जोर लागेल. पण त्याच वाळूत उभी भिंत कापली, तर ती टिकणार नाही. घट्ट वाळू दाबाला विरोध करते, कारण दाबल्यावर तिच्या कणांना एकमेकांवर चढून दूर सरकावे लागते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली हा गुणधर्म दाखवून दिला. हा विरोध खरा, परंतु भिंत उभी राहण्यास कणांना धरून ठेवणारा चिकटपणा लागतो, आणि तो स्वच्छ वाळूत नसतो. दमट वाळूत कणांमधील पाण्याच्या पृष्ठताणामुळे तो तात्पुरता येतो. वाळू सुकली की तो जातो, आणि वाळू पाण्याने पूर्ण भरली तरीही जातो. म्हणजे सकाळी कापलेली भिंत दुपारच्या उन्हात ढासळू शकते. अंगठ्याची कसोटी मोजते कठीणपणा, आणि आपल्याला हवा असतो चिकटपणा. चिकण मातीत हे दोन्ही बहुधा बरोबर असतात, वाळूत नसतात.

धोका केवढा, हे थोड्या गणिताने कळेल. एक घनमीटर वाळूचे वजन सुमारे १.६ टन असते. दीड मीटर खोल खड्ड्याच्या दर मीटर लांबीच्या भिंतीवर वाळूचा आडवा रेटा सुमारे ६०० किलो भरतो. फळ्या आणि टेकू न लावता हा रेटा थोपवता येत नाही. छातीपर्यंत वाळूत गाडल्या गेलेल्या माणसाचा श्वास कोंडतो, आणि मदतीला धावलेल्याच्या पायाखाली आणखी वाळू ढासळते. टेकू नको असतील, तर बाजू तिरप्या ठेवाव्या लागतात : उंची एक, तर आडवे दीड. तळ एक मीटर रुंद ठेवला, तर तोंड साडेपाच मीटर होते, आणि काढायची वाळू उभ्या खड्ड्याच्या तिपटीहून अधिक. वसईच्या वाडीत घर, विहीर आणि केळी यांच्यामध्ये एवढी जागा असते कोठे?

भरावाचेही तसेच. छप्पर किंचित लवले, तर वरची वाळू कमान धरते आणि बराच भार बाजूंवर ढकलते. कर्नी हे उत्तम समजावतात, आणि कार्ल टर्झाघी यांनी १९३६ साली वाळूखालच्या सरकत्या झडपेच्या प्रयोगाने ते मोजूनही दाखवले होते. पण छप्पर ताठ असेल आणि बाजूंचा भराव नुसता लोटलेला, सैल असेल, तर उलटे घडते. बाजूची वाळू खचताना वरच्या वाळूला आपल्याबरोबर खाली ओढते आणि छपरावर त्याच्या डोक्यावरील वाळूपेक्षाही अधिक भार येतो. पुरलेल्या नळांच्या बाबतीत अमेरिकेतील आयोवा येथे अ‍ॅन्सन मार्स्टन यांनी हे दाखवून दिले आहे. म्हणून भराव दोन्ही बाजूंनी सारखा, वीतभर थरांनी, प्रत्येक थर बसवत घालावा लागतो. नकलेतल्या आकृतीत मात्र भराव म्हणजे ठिपक्यांची एक पट्टी असते!

शेवटचा मुद्दा पाण्याचा. वसईची बावखले पाहिलेल्याला सांगायला नको की येथे पाणी फार खोल नाही. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि भूजल वर येते. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी रिकामी पेटी पाण्यात पूर्ण बुडाली, तर तिला वर उचलणारे बल दोन टनांचे असते. पुरलेल्या रिकाम्या टाक्या पावसाळ्यात वर येतात, त्या याचमुळे. जेथे पाणी वर आहे, तेथे जमिनीवरचे निवारे करावेत, असे पुस्तकही सांगते आणि त्यांच्या रचनाही देते. नकला काढणारे नेमकी तीच पाने गाळतात.

आमचा निष्कर्ष असा. पुस्तक प्रामाणिक आहे, शाळेच्या ग्रंथालयात ते असावे. पण अंगठ्याच्या कसोटीसमोर ‘वाळूसाठी नाही’ असे कोणीतरी लिहून ठेवावे. वसईच्या किनारपट्टीत खाली जाण्यापेक्षा पक्क्या इमारतीच्या आतल्या खोलीत राहून बाहेरून वाळूची पोती रचणे अधिक शहाणपणाचे. पोत्यात बंद केलेली वाळू उभी राहते आणि किरणही अडवते.

शिक्षकांनी हा विषय खड्ड्यात नव्हे, ताटलीत शिकवावा. पेल्यात दमट वाळू दाबून भरा आणि ताटलीत उपडी करा. उभ्या बाजूवर अंगठा टेकवून ती किती घट्ट आहे ते मुलांना पाहू द्या. मग एक ढीग उन्हात ठेवा आणि दुसऱ्याच्या तळाशी हळूहळू पाणी सोडा. कोणता आधी ढासळतो याची वेळ मुलांना नोंदवू द्या. आणि सहलीला किनाऱ्यावर गेलात, तर सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याहून खोल खड्डा कोणालाही खणू देऊ नका.