नावात अर्नाळा, कथेत मुंबई

मराठी रहस्यकथेचा सर्वांत मोठा लेखक आपल्या नावात आजच्या पालघर जिल्ह्यातलं एक गाव घेऊन वावरला. चंद्रकांत सखाराम चव्हाण म्हणजेच बाबूराव अर्नाळकर. अर्नाळा वसई तालुक्यात. समोर बेटावर किल्ला, किनाऱ्यावर होड्या आणि वाळत घातलेली मासळी. १९९६ साली बाबूराव गेले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या आणि त्या विक्रमाची गिनेस बुकात नोंद झालेली होती. मुंबईत चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू या पात्रांना घरोघरी नेलं. चित्रकार मुळगावकरांची मुखपृष्ठं पाहूनच वाचनालयात त्या पुस्तकांवर उड्या पडत. मराठी माणसाला वाचायची चटक लावण्याचं जे काम त्यांनी केलं, ते भल्याभल्या साहित्यिकांना जमलेलं नाही.

हे ऋण मान्य करूनच पुढचं म्हणायला हवं. त्यांच्या कथांचं मुख्य रिंगण मुंबई, आणि तीही बंगले, मोटारी, अंधाऱ्या गल्ल्या यांची, म्हणजे नाव बदललं तर दुसऱ्या शहरातही खपून जाईल अशी. धनंजयमागे शेरलॉक होम्सची सावली सरळ दिसते. खून कोणी केला ते शेवटच्या पानावर कळायचं. तो याच गावात, याच माणसाचा का झाला, हा प्रश्न कथेला पडत नसे.

पुढच्या पिढीनेही तो फारसा विचारला नाही. गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनी बाराशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा कॅप्टन दीप सरहद्दी ओलांडत राहिला. सुहास शिरवळकर त्या मानाने वेगळे. मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास असे नायक त्यांनी उभे केले आणि संवादाला रस्त्यावरची धार दिली. पण पुण्याचे कट्टे, तिथली मैत्री, तिथला वर्गभेद त्यांनी मनापासून लिहिला तो ‘दुनियादारी’त, रहस्यकथेच्या बाहेर. माझ्या मते मराठी रहस्यकथेचं सगळं दुखणं इथे आहे. भूमी लिहायची झाली की लेखक हा प्रकारच सोडून देतो. साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांत रहस्यकादंबरी नाही, याचा दोष मी एकट्या परीक्षकांना देणार नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत उलट घडलं. जेम्स ली बर्क यांचा नायक डेव्ह रोबिशो लुइझियानातल्या न्यू आयबेरियाचा. दलदल, ऊस, तेलकंपन्या आणि गुलामगिरीचा जुना हिशेब, सगळं त्याच्या तपासात येतं. बर्क यांच्या ‘ब्लॅक चेरी ब्लूज’ला १९९० साली रहस्यलेखनाचा एडगर पुरस्कार मिळाला, १९९८ साली ‘सिमरॉन रोझ’ला. अलीकडचे एस. ए. कॉस्बी व्हर्जिनियाचे. त्यांच्या ‘ऑल द सिनर्स ब्लीड’मध्ये कृष्णवर्णीय शेरीफ खुनी शोधता शोधता आपल्याच परगण्याचा इतिहास उकरतो. तिथे गुन्हा गावातूनच उगवतो, म्हणून तपास म्हणजे त्या गावाची झडती होते.

आता अर्नाळ्याच्याच पालघर जिल्ह्यातल्या बोईसरला उतरा. पश्चिमेला समुद्राकडे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ पासून चालणारं. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. मध्ये तारापूर एमआयडीसी, रसायनांचे कारखाने, नवापूरच्या समुद्रात सोडलं जाणारं सांडपाणी, आणि त्यावर हरित लवादापर्यंत गेलेले सातपाटीसारख्या गावांतले मच्छीमार. पूर्वेला डोंगराकडे आदिवासी पाडे. तिथली आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून सातबाराच्या एका नोंदीमागे किती गोष्टी दडलेल्या असू शकतात! परप्रांतातून आलेला कंत्राटी कामगार मेला तर त्याची ओळख कोण पटवणार, ठेकेदार की खोलीमालक? वाडवळी, मांगेली, वारली, गुजराती, भोजपुरी एकाच पोलीस ठाण्यात ऐकू येतात. जबाब कोणत्या भाषेत दिला आणि कोणत्या भाषेत लिहून घेतला, एवढ्यावर एक अख्खी कादंबरी उभी राहील.

या मुलखातला मोठा गुन्हा मराठीत एकदा लिहिला गेला आहे. वेठबिगारीचा, आणि तिच्याविरुद्ध १९४५ साली उठलेल्या वारल्यांचा. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला १९७२ चा अकादमी पुरस्कार मिळाला. ती आठवणींची कहाणी आहे, पण गुन्हेगार कोण, साक्षीदार गप्प का, कायदा कोणाच्या ओसरीवर बसतो, हे सगळं तिच्यात आहे. रहस्यकथाकारांनी ती आपली पोथी मानायला हवी होती.

‘धनंजय’, ‘नवल’सारख्या दिवाळी अंकांनी हा प्रकार जिवंत ठेवला, हे थोडं नाही. त्यांच्या आणि इतर अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: पुढच्या अंकासाठी रहस्यकथा मागवताना एक पत्र या जिल्ह्यातही पाठवा. डहाणू लोकलने रोज विरारकडे जाणारा, रात्रपाळीच्या सायरनवर झोप मोडणारा, आजोबांची वाडी कोणत्या वर्षी गेली हे नेमकं सांगू शकणारा कोणीतरी तिथे नक्की लिहितो आहे. त्याला फक्त एवढंच सांगा, की गावाचं नाव बदलू नकोस.