दिनाराची दुसरी बाजू

साहित्यकृतीप्रमाणे नाणेही वाचता येते. किंबहुना सम्राट तिबेरियसचा (इ. स. १४ ते ३७) चांदीचा दिनार वाचल्याविना मार्कच्या शुभवर्तमानातील, बाराव्या अध्यायातला कराचा प्रसंग पुरता उलगडत नाही, असे आमचे मत झाले आहे.

वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. मोल मजुराच्या एका दिवसाच्या रोजाइतके. दर्शनी बाजूस पर्णमुकुट ल्यालेले सम्राटाचे मस्तक आणि भोवती लॅटिन लेख : तिबेरियस कैसर, दिव्य औगुस्तुसाचा पुत्र, औगुस्तुस. मागे आसनस्थ स्त्री. एका हाती राजदंड, दुसऱ्या हाती ऑलिव्हची डहाळी. शांतिदेवतेच्या रूपातील ही राजमाता लिव्हिया, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. डहाळी आहे, पण दंड सुटलेला नाही. काही ठशांवर तर दंडाच्या जागी उलटा धरलेला भाला आहे. रोमच्या शांतीचे स्वरूप रोमच्याच कारागिराने असे नकळत उघड केले आहे.

येशूपुढे आणलेला दिनार हाच, असा रूढ समज. काही संशोधक औगुस्तुसाच्या नाण्याचा पर्याय मांडतात. मात्र 'दिव्य पित्याचा पुत्र' ही मिरवणूक त्याच्याही नाण्यांवर आहेच.

इ. स. ६ मध्ये यहुदियात रोमची थेट सत्ता आली, करासाठी शिरगणती झाली आणि गालीलकर यहूदाने बंड केले. तेव्हापासून हा प्रश्न निखाऱ्यासारखा धुमसत होता. येशू उत्तरादाखल नाणे मागवतो. ते त्याच्यापाशी नाही, विचारणाऱ्यांपाशी आहे. ते विचारतात कर 'देण्या'विषयी. मूळ ग्रीकमध्ये येशूचे क्रियापद आहे 'परत करणे'. प्रतिमेसाठी त्याने वापरलेला 'आयकॉन' हा शब्द तर मानवाच्या निर्मितीची कथा सांगताना उत्पत्तीच्या ग्रीक भाषांतरातही येतो. चांदीवर कैसराची प्रतिमा, माणसावर देवाची : तेर्तुल्यानने हा अर्थ फार पूर्वी सांगून ठेवला आहे.

तरीही आमची प्रवचने बहुधा पूर्वार्धावरच थांबतात. कर भरा, कायदा पाळा, मतदान करा, एवढे सांगून आम्ही वेदीकडे वळतो. सत्तेने माणसाच्या प्रतिमेवर आपला ठसा उमटवू पाहिला तर काय करावे, हे सांगायचे राहून जाते.

दुसऱ्या बाजूचा लेख आम्हांस अधिक अस्वस्थ करतो : 'पोंतिफ माक्सिम', अर्थात महायाजक. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्यास ही अक्षरे परकी नाहीत. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या दर्शनी भिंतीवर पाचव्या पौल पोपच्या नावापुढे १६१२ या सालासह तीच कोरलेली आहेत. उपाधी वारशाने येते. तिच्यातला दर्पही येतो का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

आम्ही तो विचारला. आमच्याच धर्मग्रामात सभागृहाच्या पायरीवर, विहिरीवर, क्रुसाच्या चौथऱ्यावर संगमरवरी पाट्या आहेत. तीन पाट्यांवर आमचे नाव आहे. ज्यांच्या रोजातून तो दगड आला, त्यांचे एकीवरही नाही. पुढच्या वेळी हा उतारा वाचण्याआधी त्या पाट्यांपुढे थोडा वेळ उभे राहावे, असे आम्ही ठरवले आहे.