ऑनलाइन विश्वकोश आणि आपले वर्ग

प्रकल्प तपासायला घेतला की दहा-बारा वह्यांत तोच मजकूर, त्याच क्रमाने आढळतो. ‘विकिपीडिया वापरू नये’ अशी ताकीद आपण देतो. विद्यार्थी तो वापरतातच, फक्त नाव लिहीत नाहीत. ही ताकीद निरुपयोगी आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते चुकीचीही आहे.

वर्गात वली दखनीवर टिपण लिहायला दिले होते. बहुतेकांनी त्याचा जन्म औरंगाबादचा लिहिला, दोघांनी गुजरातचा. ‘सर, चूक कोणाची?’ असे विचारले गेले. वलीचे जन्मस्थान, इतकेच नव्हे तर त्याचे मूळ नावही अभ्यासकांत वादग्रस्त आहे. त्रोटक नोंद मात्र एका ओळीत निकाल देऊन मोकळी होते. छापील कोशही हेच करतात. परंतु विकिपीडियावर लेखाच्या माथ्यावरच ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ असे दुवे असतात. कोणी काय बदलले, केव्हा बदलले, हे तेथे उघडे असते. आपण शिकवायचे ते हे. आपल्यापैकी किती जणांनी ते दुवे स्वतः उघडून पाहिले आहेत, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

विकिपीडियाचे समर्थक २००५ सालच्या ‘नेचर’च्या तुलनेचा दाखला देतात : ४२ विज्ञानविषयक लेखांत विकिपीडियाच्या लेखामागे सुमारे चार चुका, ब्रिटानिकाच्या सुमारे तीन. ब्रिटानिकाने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला, ते असो. पण ती तुलना इंग्रजी लेखांची होती. मराठी विकिपीडिया २००३ साली आणि उर्दू २००४ साली सुरू झाला; तेथील कित्येक नोंदी आजही चार-पाच वाक्यांच्या व संदर्भहीन आहेत. इंग्रजीचे प्रशस्तिपत्र त्यांना लावता येत नाही. वाईहून सिद्ध झालेला, आता ऑनलाइन उपलब्ध असलेला मराठी विश्वकोश या बाबतीत उजवा आहे : नोंदीखाली लेखकाचे नाव असते. मात्र त्यातील जुन्या नोंदी त्या काळापर्यंतच्याच माहितीवर उभ्या आहेत, हे विद्यार्थ्याला सांगावे लागते.

म्हणून आता मी दोन्ही भाषांतील नोंदी शेजारी ठेवून त्यांतील विसंगती लिहायला सांगतो आणि तळटीपेतील किमान एक ग्रंथ ग्रंथालयात शोधायला लावतो. ग्रंथ न मिळाल्यास तसे लिहिले तरी गुण देतो. वलीची कुल्लियात सुदैवाने आमच्याकडे निघाली; पण प्रस्तावना उर्दूत. मराठीच्या मुलांना ती उर्दूच्या एका विद्यार्थिनीने वाचून दाखवली. तो तास वेळापत्रकात नव्हता.