स्मृतीची उचल

लिनक्सच्या गाभ्यात २००८ साली आलेल्या स्मृतिनियंत्रकाचे मर्म हिशेबात आहे. प्रत्येक पानाची नोंद सामायिक खात्यात करावयाची म्हटले, तर सर्व प्रोसेसर एकाच आकड्यापाशी खोळंबतात. म्हणून प्रत्येक प्रोसेसर आगाऊ उचल घेतो. २०२२ मध्ये ती ३२ पानांवरून ६४ झाली. मुलुंडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा कारकून किरकोळ खर्चासाठी घेतो, तशीच ही उचल. ती घेताक्षणीच खर्ची पडते. त्यामुळे तिच्यापायी मर्यादा ओलांडली जात नाही, उलट गट आहे त्याहून अधिक भरलेला दिसतो. शिल्लक उचल परत न घेताच निवाडा केला, तर निरपराध प्रोग्रॅमचा बळी जाईल. गाभा ती आधी परत घेतो. म्हणूनच येथील अचूकतेचा त्याग क्षम्य ठरतो.