'सामान्य मर्यादा' कोणाची?

रक्तातील टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीचा अहवाल म्हणजे आलेला आकडा आणि शेजारी छापलेली 'सामान्य मर्यादा'. आकड्याकडे सगळे पाहतात. आमचा आक्षेप शेजारच्या मर्यादेवर आहे.

२०१७ साली युरोप-अमेरिकेतील चार अभ्यासगटांवरून १९ ते ३९ वर्षांच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी डेसिलिटरमागे २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम ही मर्यादा प्रसिद्ध झाली. ती काढताना दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळले आहेत. म्हणजे शंभर निरोगी पुरुषांपैकी पाच जण निव्वळ व्याख्येमुळे 'असामान्य' ठरतात.

मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या, तलासरीच्या एखाद्या शेतमजुराला हीच मर्यादा लावली तर? हे संप्रेरक रक्तात मोकळे असते ते शेकडा एक ते तीन भाग; उरलेले प्रथिनांना बांधलेले असते. त्यांपैकी एक महत्त्वाचे प्रथिन लठ्ठपणात घटते, कुपोषणात वाढते. डहाणू-तलासरीत कुपोषण हा जुना प्रश्न आहे. तेव्हा एकूण आकडा मर्यादेत बसूनही मोकळे संप्रेरक अपुरे असू शकते. उलट, हे प्रमाण सकाळी अधिक असते आणि दिवस चढेल तसे, तसेच जेवणानंतर, उतरते. पाड्यावरून दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली, तर निरोगी माणसावरही 'कमी' असा शिक्का बसू शकतो. म्हणून नमुना सकाळी, उपाशीपोटी घ्यावा. कमी आल्यास पुन्हा तपासावे.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण मोजमापाचीच आहे. प्रतिपिंडाने संप्रेरक मोजण्याची युक्ती रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांची; यालो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. पण प्रतिपिंड सारख्या रचनेच्या इतर संप्रेरकांनाही फसते. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन मुळातच फार थोडे, त्यामुळे ही चूक मोठी ठरते. २००३ साली 'क्लिनिकल केमिस्ट्री'च्या संपादकीयाने असे आकडे अंदाजापेक्षा बरे आहेत का, असाच प्रश्न केला होता. वस्तुमान-वर्णपटमापी अधिक विश्वासार्ह, पण महाग.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूत आहे. स्थानिक मर्यादा अशाच ठिकाणी ठरवता येतील. मात्र कुपोषितांची सरासरी म्हणजे 'सामान्य' नव्हे, हे भान हवे.

शिक्षकांनी वर्गातील चाळीस मुलांची उंची मोजावी, दोन्ही टोकांचा एकेक जण वगळावा आणि विचारावे : हे दोघे आजारी आहेत का?