बेणारे आणि बेणारेनंतर : सुलभा देशपांडे यांच्या अभिनयाचा विचार

रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही माध्यमांत वावरलेल्या अभिनेत्रीचा गौरव करताना मराठी समीक्षा ‘चतुरस्र’ हे विशेषण सहज वापरते. भूमिकांची संख्या आणि त्यांतील वैविध्य एवढाच त्याचा आधार असतो. सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) यांच्याबाबतीत हे विशेषण अपुरे ठरते, कारण त्यांच्या भूमिकांना जोडणारे सूत्र त्यामुळे नजरेआड होते.

१९६७ साली ‘रंगायन’ने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते. लीला बेणारे ही शिक्षिका. आणि ती साकारणारी अभिनेत्रीही छबिलदास शाळेत अध्यापन करीत होती. या भूमिकेची चर्चा बहुधा अखेरच्या स्वगतापाशीच घुटमळते. वास्तविक बेणारेचे नाट्य तिच्या बोलण्याइतकेच तिच्या ऐकण्यात आहे. प्रारंभी सर्वांची थट्टा करणारी, गुणगुणणारी ही स्त्री खोट्या खटल्याचे रूप पालटू लागताच मूक होत जाते. आरोप झेलणारा देह आधी उभा राहिला, तरच दहा सेकंदांच्या मुदतीत सामावलेले ते स्वगत न्यायालयाच्या कानी पडत नाही यातील दाहकता प्रेक्षकापर्यंत पोचते. अभिनेत्रीची खरी कसोटी लागते ती या मौनात.

मौन मात्र छापील संहितेत सूचनेपुरतेच असते. मुंबई-पुण्याचा प्रायोगिक रंगमंच नांदेड-लातूरच्या नाट्यविद्यार्थ्यापर्यंत मुख्यतः पुस्तकरूपानेच पोचला. राज्य नाट्य स्पर्धेसाठी मराठवाड्यातील एखादी हौशी अभिनेत्री बेणारे बसवते, तेव्हा तिच्या हाती तेंडुलकरांची वाक्ये असतात. सुलभा देशपांडे यांचे मौन नसते. म्हणूनच सत्यदेव दुबे यांच्या १९७१ च्या चित्रपटाचे मोल मोठे आहे. त्यातही बेणारे त्यांनीच साकारली. अर्थात पडदा म्हणजे रंगमंच नव्हे. रंगमंचावर बेणारे इतरांच्या घोळक्यात एकाकी दिसते, तर कॅमेरा तिचा चेहरा त्या घोळक्यातून वेगळा काढू शकतो. तरीही या भूमिकेचा एवढा ठोस पुरावा दुसरा नाही.

त्यानंतर चित्रपटाने त्यांना काय दिले? श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेला आहे. त्यात सुलभा देशपांडे नायिकेची आई झाल्या. मुलीच्या चित्रपटातील कामाला आणि तिच्या विवाहाला विरोध करणारी ही आई. कालची आरोपी येथे आरोप करणाऱ्यांच्या बाजूला उभी आहे. ‘चौकट राजा’ (१९९१) मध्ये मतिमंद मुलाची आई समाजाच्या नजरा सोसते. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मधील सासू घरात हिणवल्या जाणाऱ्या सुनेची सहृदय साक्षीदार आहे. आरोपी, फिर्यादी, साक्षीदार : एकाच खटल्यातील निरनिराळ्या जागा ही अभिनेत्री आतून जाणते. तिचे चतुरस्रत्व वेशांतरात नसून या स्थानांतरात आहे.

येथेच प्रश्न उद्भवतो. रंगमंचाने जिला केंद्रस्थानी उभे केले, तिला चित्रपटाने चाळिशीतच आईच्या जागी नेऊन बसवले. त्यांची बरीचशी शक्ती नाट्यसंस्थेच्या उभारणीत खर्ची पडली, असा युक्तिवाद करता येईल. १९७१ पासूनचे ‘आविष्कार’, छबिलदासच्या सभागृहातील चळवळ, ‘चंद्रशाला’तील बालरंगभूमी, ‘राजा रानी को चाहिये पसीना’ (१९७८) या बालचित्रपटाचे दिग्दर्शन, हा सारा व्याप लहान नव्हे. पण या व्यापातही त्या चित्रपटांत काम करीतच राहिल्या. उणीव वेळेची नव्हती. प्रौढ, विचारी स्त्रीला कथेचे केंद्र मानण्याची तयारी पडद्यापाशी नव्हती. दुय्यम भूमिकांची लांबलचक यादी दाखवून ‘चतुरस्र’ म्हणणे, हे या अन्यायाला गौरवाचे रूप देण्यासारखे आहे.

मराठी नाट्येतिहास नाटककार आणि संहिता यांच्याभोवती रचला गेला. नटाची निर्मिती प्रयोगासोबत विरून जाते, ही त्यासाठीची नेहमीची सबब. बेणारेच्या बाबतीत ती टिकत नाही, कारण येथे चित्रपट उपलब्ध आहे. तो संहितेच्या शेजारी ठेवून वाचला, तर बेणारे ही तेंडुलकरांइतकीच सुलभा देशपांडे यांचीही निर्मिती आहे, हे मान्य करावे लागेल.