‘तोफा असत्या तर’ : मराठी इतिहासकल्पनेतील संकेतार्थाची चिकित्सा

१

‘अमुक झाले असते तर तमुक टळले असते’ ही वाक्यरचना इतिहासलेखनात निषिद्ध मानली जाते. इतिहासाच्या चर्चेतून मात्र तिला हद्दपार करणे कोणासही साधलेले नाही. मराठीत या रचनेचा सर्वाधिक विनियोग पानिपतासंबंधी झाला आहे. सदाशिवरावभाऊंनी जड तोफखान्याचा हव्यास सोडून गनिमी काव्याने युद्ध केले असते तर जय मिळाला असता, असे एक पक्ष म्हणतो. तोफखाना होता हे योग्यच. तो हलका व चपळ असता तर जय मिळाला असता, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष परस्परविरोधी असूनही त्यांच्या प्रतिपादनाचे व्याकरण एकच आहे, आणि त्या व्याकरणाकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मराठी वैयाकरणांनी या रूपास ‘संकेतार्थ’ अशी संज्ञा दिली आहे. ‘पाऊस पडला तर पीक येईल’ या वाक्यात घटना अनिश्चित आहे. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ या वाक्यात ती घडली नाही हे निश्चित आहे. दुसरे वाक्य एकाच वेळी दोन विधाने करते. पाऊस पडला नाही, हे एक. आणि पाऊस हेच पिकाचे पुरेसे कारण होते, हे दुसरे. पहिले विधान पुराव्याने सिद्ध असते. दुसरे सिद्ध करावयाचे असते. परंतु दोन्ही एकाच क्रियारूपात गुंफलेली असल्यामुळे पहिल्याची निश्चिती नकळत दुसऱ्यास चिकटते. शस्त्रांविषयीच्या कल्पित इतिहासाचा बराचसा मोह या चिकटण्यातून उत्पन्न झालेला आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न क्रियापदाच्या निवडीचा आहे. ‘तोफा असत्या तर’, ‘तोफा घेतल्या असत्या तर’ आणि ‘तोफा ओतल्या, वाहून नेल्या व चालविल्या असत्या तर’ ही तीन वाक्ये सामान्यतः समानार्थी समजून वापरली जातात. वस्तुतः पहिल्या वाक्यात कोणीही काही करीत नाही. तोफा जणू आकाशातून उतरतात. दुसऱ्यात घेणारा, विकणारा व मोल येते. तिसऱ्यात ओतारी, बैल, रस्ता, दारू, गोलंदाज आणि त्यांचा पगार एवढे सर्व येऊन उभे राहते. संकेतार्थातील क्रियापद ‘असणे’कडे जितके झुकते तितकी कल्पना स्वस्त होते, असा नियमच सांगावयास हरकत नाही.

२

पानिपतास हा नियम लावून पाहावा. इब्राहिमखान गारद्याचे पायदळ व तोफखाना यांची शिस्त फ्रेंच पद्धतीची होती. याच बळाने १७६० च्या आरंभी उदगीर येथे निजामाचा पराभव झाला आणि असीरगड, बऱ्हाणपूर व दौलताबाद ही स्थळे मराठ्यांकडे आली. खानदेशाच्या उत्तर दाराची किल्ली अशा रीतीने तोफखान्याने मिळवून दिली होती. तेच गारदी व त्याच पद्धतीच्या तोफा १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर होत्या. म्हणजे साधन कायम असून परिणाम उलटला. तेव्हा भेद साधनाच्या अस्तित्वात नव्हता. तो अन्यत्र शोधला पाहिजे.

उदगीर पुण्याच्या टप्प्यात होते, पानिपत नव्हते. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, परंतु त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीचा मार्ग रोखला. त्यानंतर तोफखान्यामागे लाखोंचे पोट, बुणग्यांचा भार व बंद झालेली रसद उभी होती. अफगाणांची जंबुरके उंटावर चढविलेली असल्याने सैन्याबरोबर हलत. जड तोफ एकदा रोवली की लढाईनेच तिच्यापाशी यावे लागे. तेव्हा ‘हलक्या तोफा असत्या तर’ या वाक्याचा खरा विस्तार ‘उंट, वैरण, मोकळा रस्ता आणि दिल्लीशी अखंड दळणवळण असते तर’ असा होतो. एवढे सर्व असते तर जड तोफांनीही कदाचित भागले असते. गनिमी काव्याच्या पक्षासही हाच आक्षेप लागू पडतो. बुणगे बरोबर असताना आणि मुलूख परका असताना गनिमी कावा हा निवडावयाचा पर्याय उरतो काय, हे त्या पक्षास दाखवावे लागेल.

त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा पानिपतावरील ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत व १९६१ साली मराठीत प्रसिद्ध झाला. त्यानंतर या विषयाची चर्चा व्यक्तिदोषाच्या पातळीवरून उचलली जावयास हवी होती. लोकप्रिय संकेतार्थाने मात्र भाऊंच्या जागी तोफेला आरोपी केले, एवढाच फरक पडला.

३

या पार्श्वभूमीवर जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा विचारात घेण्यासारखी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जातात की जेथे विश्वासरावांस लागलेली गोळी कानाला चाटून गेली, मराठे जिंकले आणि कंपनी सरकार मुंबईसारख्या थोड्या ठाण्यांपुरतेच राहिले. कथेतील वैज्ञानिक मित्र या दोन जगांची उपपत्ती आपत्ती-सिद्धान्त व पुंजसिद्धान्त यांच्या आधारे लावतो.

या कथेचा गुण असा की तिने शस्त्राचा संकेतार्थ टाळला आहे. लेखकाने मराठ्यांना एकही जादा तोफ दिलेली नाही. बदल केला तो एका गोळीच्या मार्गात, काही अंगुळांचा. कारण जितके लहान तितकी ‘बाकी सर्व तसेच राहिले’ ही अट पाळणे सोपे. या दृष्टीने तिची रचना पुष्कळ ऐतिहासिक निबंधांहून अधिक काटेकोर आहे.

तथापि कथेचा खरा सांधा गोळीत नाही. कथेच्या इंग्रजी रूपात असे सांगितले आहे की युरोपातील यंत्रयुगाचे महत्त्व ओळखून पेशव्यांनी स्वतःची विज्ञान व तंत्रज्ञानाची केंद्रे स्थापिली; कंपनीने साहाय्य व तज्ज्ञ देऊ केले, ते केवळ देशी केंद्रे स्वावलंबी होईपर्यंतच स्वीकारले. एका लढाईतील जय दीडशे वर्षे टिकला तो या धोरणामुळे. गोळी चुकणे हा योगायोग मानता येतो; ओतशाळा, शाळा व कारागीर यांवर पिढ्यानुपिढ्या खर्च करणे हा योगायोग नव्हे. कथेने पहिल्यास सिद्धान्ताचे पाठबळ दिले आणि दुसरे एका ओघवत्या वाक्यात उरकले. वाचकास गोळी स्मरते, केंद्रे स्मरत नाहीत. कथेचे वैगुण्य म्हणावयाचे तर ते एवढेच. पण ते मूळ प्रश्नालाच भिडणारे आहे.

४

वास्तव इतिहासाने हा प्रयोग एकदा करूनही पाहिला आहे. पानिपतानंतर ज्या गोष्टी ‘असत्या तर’ म्हणून सांगितल्या जातात त्या महादजी शिंद्यांनी प्रत्यक्ष मिळविल्या. १७८४ पासून द बॉयनच्या हाताखाली कवायती कंपू उभे राहिले. आग्र्यास सँग्स्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेस असई येथे या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जायबंदी केली. तोफा वाईट होत्या असे शत्रूनेही म्हटले नाही. तरी लढाई गेली आणि तोफा शत्रूच्या हाती पडल्या. युद्धाच्या तोंडावर कंपनीने मराठ्यांकडील ब्रिटिश अधिकाऱ्यांस फोडले होते. त्याच महिन्यात सेनापती पेराँ स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाला. तोफ ओतली गेली होती, तिची निष्ठा मात्र भाड्याची राहिली होती.

खानदेशास याचा शेवट निकटून पाहावयास मिळाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या साठांहून अधिक तोफा होत्या; परंतु लढाईच्या तोंडावरच दरबारी कलहात तुळसाबाईंचा वध झाला होता. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेशातील मुलूख कंपनीकडे गेला आणि फेब्रुवारीत तापीकाठचे थाळनेर पडले. ‘तोफा असत्या तर’ असे म्हणणाऱ्याने थाळनेरच्या पडक्या तटापाशी थांबून हे स्मरावे की तोफा होत्या.

५

हा प्रश्न अठराव्या शतकापुरता मर्यादित नाही. ‘१९६२ साली जवानांजवळ स्वयंचलित रायफली असत्या तर’ हे वाक्य आजही उच्चारले जाते. त्या युद्धात पायदळाच्या हाती बहुतांशी जुन्या .३०३ रायफली होत्या, हे खरे. पण याही वाक्याचे क्रियापद ‘असणे’ हेच आहे. नवी रायफल म्हणजे नवी गोळी, नवी गोळी म्हणजे पितळेचे नवे साचे, नवी यंत्रे व ती चालविणारे हात. भुसावळ व वरणगाव यांच्या दरम्यानच्या दीपनगरात हा विस्तार पुस्तकात शोधावा लागत नाही. भुसावळचा शस्त्रसामग्री कारखाना १९४९ चा, आणि लहान शस्त्रांचा दारूगोळा करणारा वरणगावचा कारखाना १९६४ चा. १९६२ नंतर १९६४ येते, या साध्या क्रमात त्या संकेतार्थाचे उत्तर दडलेले आहे : रायफल हवी असा निर्णय एका दिवसात होईल, गोळी वर्षांनी होते. तिला वीज लागते, रेल्वे लागते, आणि वसाहतीत पिढीभर राहणारा कामगार लागतो.

तात्पर्य, कल्पित इतिहास त्याज्य नव्हे. निवड होती असे मानल्याखेरीज जबाबदारीही ठरविता येत नाही. ज्याला पर्यायच नव्हता त्याला दोष देता येत नाही आणि श्रेयही देता येत नाही. मात्र संकेतार्थ वापरणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. क्रियापदाचा कर्ता कोण. त्या क्रियेसाठी आणखी काय बदलावे लागले असते. आणि तेवढे बदलल्यावर मूळ परिस्थिती तीच राहिली असती काय. या तीन प्रश्नांस जे वाक्य टिकेल ते विवेचन होय. जे टिकणार नाही ते पराभवाचे दुःख व्याकरणाच्या आधाराने हलके करणे होय. त्या दुःखाचा मान राखावा, पण त्यास कारणमीमांसा म्हणू नये.